‘एन. एन.’ कबरी आणि हाडं वाचायला शिकलेली पोरं

१९८४ च्या सुरुवातीला अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सच्या आसपासच्या दफनभूमींत न्यायाधीशांच्या हुकमाने कबरी उकरल्या जात होत्या. फावडी घेतलेले कामगार, बाजूला पोलीस, आणि काही ठिकाणी थेट बुलडोझर. लोखंडी बादली वर आली की मातीबरोबर कवट्या, मांडीची हाडं, कापडाच्या चिंध्या एकत्रच खाली पडायच्या. मग कवट्या एका ढिगात, लांब हाडं दुसऱ्या ढिगात. दात, बोटांची हाडं, बंदुकीची गोळी असला बारीकसारीक ऐवज पुन्हा मातीत जायचा. थोड्या अंतरावर आईबाप उभे असायचे. यातलं आपलं कोण, हे सांगणारं तिथे कुणीच नव्हतं.

हेतू वाईट नव्हता. लोकशाही नुकतीच परत आली होती आणि लोकांना उत्तरं हवी होती. पण उत्तर ज्या मातीत होतं तीच माती उपसून फेकली जात होती.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि माणसं ‘नाहीशी’ होऊ लागली. ‘देसापारेसिदो’, म्हणजे नाहीसा झालेला, हा शब्द तेव्हापासून स्पॅनिशमध्ये वेगळ्याच अर्थाने रुळला. रात्री घरातून उचलायचं, गुप्त छळकेंद्रात ठेवायचं, मारायचं, आणि विचारायला आलेल्यांना ‘असं कुणी आमच्याकडे नाही’ म्हणून परत पाठवायचं. डिसेंबर १९८३ मध्ये सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी लेखक अर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने जवळपास नऊ हजार प्रकरणं नोंदवली. मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात. काही माणसं विमानातून समुद्रात फेकली गेली होती, काही प्रेतं नगरपालिकेच्या दफनभूमींत ‘एन. एन.’, म्हणजे नाव माहीत नाही, अशा पाटीखाली पुरली होती. आपल्याकडच्या ‘बेवारस’ शिक्क्यासारखाच तो शिक्का. फरक एवढाच की या बेवारसांचे वारस दर गुरुवारी ब्यूनोस आयर्सच्या प्लासा दे मायो या चौकात फोटो घेऊन फिरत होते.

त्या वारसांत आज्याही होत्या. अटकेत बाळंत झालेल्या मुलींची बाळं लष्करी आणि पोलिसी घरांत परस्पर वाटली गेली होती. ‘प्लासा दे मायोच्या आज्यां’नी नातवंडांचा शोध घेता घेता अमेरिकेतल्या विज्ञान प्रसारक संघटनेचं दार ठोठावलं. रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, आईबाप हयात नसले तरी? आणि हाडांवरून काय कळेल? पहिल्या प्रश्नावर पुढे मेरी-क्लेअर किंग या अनुवंशशास्त्रज्ञ बाईंनी काम केलं. दुसऱ्या प्रश्नासाठी जून १९८४ मध्ये आलेल्या शिष्टमंडळात क्लाइड स्नो होते.

स्नो टेक्सासचे, पायात काउबॉय बूट, हातात कायम सिगारेट. नोकरी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यात, अपघातात माणसं कशी मरतात आणि कशी वाचतात याचा अभ्यास करण्याची. १९७९ साली शिकागोत विमान कोसळून २७३ माणसं गेली, तेव्हा अवशेषांची ओळख पटवणाऱ्यांत ते होते. त्यांच्याजवळची विद्या मात्र तशी जुनी. विल्टन क्रॉगमन यांनी १९३९ मध्ये अमेरिकी तपास अधिकाऱ्यांसाठी सांगाडा ओळखण्याची मार्गदर्शिका लिहिली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे अवशेष हवाईत ओळखायला घेतले तेव्हा मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी हाडं मोजली आणि त्यांवरून उंची काढण्याची सूत्रं बसवली. कोरियन युद्धातल्या मृतांवरून वयाचे तक्ते तयार झाले. थोडक्यात, हे शास्त्र वाढलं ते आपले सैनिक घरी पाठवणाऱ्या सरकारच्या पैशावर. सरकारनेच मारलेल्या माणसांसाठी ते वापरायची वेळ अर्जेंटिनात आली.

स्नोंनी ती बुलडोझरी उकराउकर पाहिली आणि पहिली मागणी केली ती हे थांबवा अशी. मग शास्त्रशुद्ध उत्खनन करून दाखवायचं तर माणसं हवीत. नामवंत पुरातत्त्वज्ञ पुढे येईनात. लष्कर बराकीत गेलं होतं, संपलं नव्हतं, त्यामुळे त्यांना भित्रे म्हणणं मला तरी जमत नाही. आले ते विद्यार्थी. दुभाष्याचं काम करणारा वैद्यकीचा मॉरिस टिडबॉल-बिन्झ, त्याच्या ओळखीतून पात्रिसिया बर्नार्डी, मर्सेडिस डोरेट्टी, लुईस फोंदेब्रिदेर अशी मानवशास्त्र आणि पुरातत्त्व शिकणारी विशीतली पोरं. त्यांनी तोवर उकरलं असेल ते आदिवासींच्या जुन्या वस्त्यांमधलं. जूनच्या अखेरीस, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सान इसिद्रोजवळच्या बूलोन्य दफनभूमीत त्यांनी पहिली कबर उघडली. अंगात स्वेटर घातलेला, आपल्याच वयाचा सांगाडा समोर येणार, याची तयारी कुठल्याच वर्गात झालेली नव्हती.

पण त्यांना जे येत होतं तेच नेमकं हवं होतं. आधी जमिनीवर दोऱ्यांची चौकट. मग वरची माती पातळ थरांत खरवडायची. पुरताना खणलेल्या खड्ड्याची भुसभुशीत माती आजूबाजूच्या घट्ट मातीपेक्षा रंगानेही वेगळी दिसते, ती कड शोधायची. हाड लागलं की फावडं बाजूला, हातात थापी, बांबूची कामटी आणि ब्रश. हाड उचलायचं नाही. सगळा सांगाडा होता तसा उघडा पाडायचा, मोजायचा, रेखाटायचा, फोटो काढायचे. हात पाठीमागे होते की पोटावर? गोळी कवटीच्या आत आहे की बरगड्यांच्या जागी? बरगड्यांच्या जागी गोळी सापडणं म्हणजे ती शरीरात होती. तीच गोळी बुलडोझरने काढलेल्या ढिगात सापडली तर नुसता शिशाचा तुकडा. शेवटी हातापायांच्या भोवतालची माती चाळणीतून काढायची, कारण दोन हातांत मिळून चोपन्न हाडं असतात आणि मनगटातली वाटाण्याएवढी हाडं खड्यांसारखीच दिसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मातीचा पंचनामा. फरक असा की पंचनामा करता करता घटनास्थळ संपून जातं, दुसऱ्यांदा करता येत नाही.

तो न करण्याची किंमत आपल्या देशातही दिसली आहे. पंजाबात अमृतसरजवळ अजनाळ्याला १८५७ साली मारलेल्या शिपायांची हाडं असलेली विहीर २०१४ मध्ये स्थानिक लोकांनीच श्रद्धेपोटी उकरली. हाडं मिळाली, पण कुठलं कुणाचं हे सगळं विस्कटलं. पुढे शास्त्रज्ञांना दातांतल्या डीएनए आणि समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून) हे शिपाई गंगेच्या मैदानी प्रदेशातले असावेत एवढं सांगता आलं. गटाबद्दल बोलता आलं, एकेका माणसाबद्दल नाही.

टेबलावरचं वाचन त्या मानाने लोकांना जास्त ठाऊक असतं, मालिकांच्या कृपेने. ओटीपोटाच्या हाडाची खाच रुंद असेल तर बहुधा बाई, अरुंद असेल तर बहुधा पुरुष. वयासाठी हाडांची टोकं पाहतात. वाढत्या वयात ही टोकं मधल्या दांड्याशी सांधली जातात. सगळ्यात उशिरा सांधतं ते गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक, विशीत सुरू होऊन तिशीच्या आसपास. नाहीसे झालेले बहुतेक याच वयातले होते, त्यामुळे या एका बोटभर टोकाला तिथे फार महत्त्व आलं. मोडलेलं हाडही बोलतं. ओलं, जिवंतपणीचं हाड तिरकस, धारदार कडेने तुटतं आणि त्या कडेचा रंग बाकीच्या हाडासारखाच मातकट होतो. वाळलेलं हाड फावड्याने मोडलं तर कड खडबडीत आणि आतून पांढरट. गोळी कवटीत शिरते तिथे बाहेरून भोक लहान आणि आतून पसरट, बाहेर पडते तिथे उलटं.

एप्रिल १९८५ मध्ये लष्करशहांवरचा खटला सुरू झाला तेव्हा स्नोंनी कोर्टात स्लाइड दाखवल्या. त्यात एकवीस वर्षांची एक मुलगी होती, गरोदर असताना उचललेली. लष्कराचं अशा मृत्यूंबद्दलचं नेहमीचं उत्तर ‘चकमक’. या शब्दाचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको. हाडं सांगत होती की तिला अगदी जवळून छऱ्यांच्या बंदुकीने डोक्यात मारलं होतं. ओटीपोटाच्या हाडावरच्या खुणांवरून ती बाळंत झाली होती असंही स्नोंनी सांगितलं. आता या खुणांवर शास्त्रज्ञ तेवढा भरवसा ठेवत नाहीत, मूल न झालेल्या बायकांतही त्या दिसतात. त्या प्रकरणात मात्र निष्कर्ष बरोबर निघाला. तिचा मुलगा २००८ मध्ये डीएनएवरून सापडला. आज्यांना आजवर सव्वाशेहून अधिक नातवंडं अशी मिळाली आहेत. खटल्याच्या निकालात, डिसेंबर १९८५ मध्ये, लष्करशहांपैकी व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली.

सगळ्या आयांना हे काम हवं होतं असं मात्र नाही. ‘जिवंत नेलंत, जिवंत परत द्या’ ही त्यांची घोषणा होती, आणि काही आया तिच्यावर शेवटपर्यंत ठाम राहिल्या. हाडं स्वीकारणं म्हणजे मारेकऱ्याचं नाव न घेता मरण कबूल करणं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या काही जणींना मूठभर का होईना, पण हातात काही तरी हवं होतं. आपल्याकडे देह न मिळालेल्यासाठी पालाशविधी करतात, पळसाच्या ३६० देठांचा पुतळा रचून त्याला अग्नी देतात. चरकाने सांगितलेली हाडांची संख्याही तीनशे साठच. आजचं शरीरशास्त्र २०६ म्हणतं, पण देहाच्या जागी काही तरी देहासारखं लागतं ही गरज काही त्यामुळे बदलत नाही. विद्यार्थ्यांच्या त्या गटाची आता संस्था झाली होती, ‘अर्जेंटाइन फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी टीम’. तिने ठरवलं की आधी घरच्यांशी बोलायचं आणि नको म्हणणाऱ्यांचा नकार पाळायचा. घरच्यांच्या मुलाखती हा निम्मा तपासही होता. लहानपणी कुठला हात मोडला होता, कुठल्या दाताला चांदी भरली होती, उंची किती, पळवलं त्या दिवशी अंगावर काय होतं.

उरलेला तपास कागदांत होता. गुपचूप मारणारं सरकारही कारकुनी सोडत नाही, हे या पोरांच्या लवकर लक्षात आलं. प्रेत रस्त्यावर टाकलं तरी पोलीस बोटांचे ठसे घेत, डॉक्टर मृत्यूचा दाखला लिही, दफनभूमीच्या वहीत कबरीचा क्रमांक चढे. स्नोंनी या वह्यांतल्या ‘एन. एन.’ नोंदी मोजल्या तर १९७६ नंतर त्यांत गोळी लागून मेलेल्या तरुणांचा भरणा झालेला दिसला. आव्हेजानेदाच्या दफनभूमीतल्या १३४ क्रमांकाच्या विभागात १९८८ ते १९९२ अशी चार वर्षं खणून तीनशेहून अधिक सांगाडे निघाले. कित्येकांना नाव मिळायला पुढे दशकं लागली.

तोवर गट देशाबाहेर पोचला होता. एल साल्वादोरमधल्या एल मोझोते गावात १९८१ साली लष्कराने हत्याकांड केलं. सरकारचा दावा होता की असं काही घडलंच नाही, झाली ती लढाई. १९९२ मध्ये चर्चशेजारच्या एका पडक्या खोलीत किमान १४३ माणसांचे अवशेष निघाले, त्यांतली १३१ मुलं बारा वर्षांखालची. २४५ काडतुसं मिळाली. ज्यांच्यावरचा शिक्का वाचता आला ती अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात बनलेली होती. बोलिव्हियात १९९७ मध्ये क्रांतिकारक चे गव्हेराचा हातांचे पंजे नसलेला सांगाडा ओळखण्यातही गटाची माणसं होती. अर्जेंटिनात २००७ पासून नातेवाइकांचं रक्त मोठ्या प्रमाणावर गोळा करून हाडांच्या डीएनएशी ताडायला सुरुवात झाली आणि ओळख पटण्याचा वेग वाढला.

डीएनएनेच एक जुनं प्रकरणही उलगडलं. डिसेंबर १९७७ मध्ये सांता तेरेसिताच्या किनाऱ्यावर काही प्रेतं वाहून आली. तिथल्या डॉक्टरने दाखल्यावर कारण लिहिलं की खूप उंचावरून कठीण गोष्टीवर आपटून मृत्यू. समुद्रकिनाऱ्यावर उंच म्हणजे काय, हे त्याने लिहिलं नाही. प्रेतं जवळच्या हेनेराल लाव्हाजेच्या दफनभूमीत ‘एन. एन.’ म्हणून पुरली गेली. गटाने ती बाहेर काढली तेव्हा हाडांवर तसेच मोड होते, उंचावरून पाण्यावर पडल्यावर होतात तसे. २००५ मध्ये नावं कळली. त्यांतली एक आसुसेना व्हिजाफ्लोर, चौकात फेऱ्या घालणाऱ्या आयांना एकत्र आणणारी बाई. मुलगा शोधता शोधता १० डिसेंबर १९७७ ला ती स्वतः नाहीशी झाली होती. ओळख पटली त्या वर्षीच, डिसेंबर २००५ मध्ये, तिची रक्षा प्लासा दे मायोतल्या स्तंभाच्या पायथ्याशी पुरली. आयांच्या फेऱ्या त्याच स्तंभाभोवती असत.