भिंतीवर परत आलेला तपकिरी

डिसेंबर 2024 मध्ये रंगछटांची प्रमाणसूची ठरवणाऱ्या पँटोन या कंपनीने ‘मोका मूस’ हा 2025 सालचा रंग म्हणून जाहीर केला आणि घराच्या भिंतींसाठी तपकिरीची चर्चा नव्याने सुरू झाली. मला मात्र त्या मवाळ छटेपेक्षा तिचा गडद भाऊबंद जास्त मोलाचा वाटतो: भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा, आतून किंचित तांबूस. हा रंग घरात मुळीच नवा नाही. शतकानुशतके तो घरात होता, पण बहुतेक वेळा आवडीने नव्हे, तर परवडतो आणि मळ झाकतो म्हणून.

मुळात ही माती आहे. अंबर या मातीत लोहाच्या ऑक्साइडबरोबर मँगनीजचे ऑक्साइड असते. सिएना मातीत मँगनीज कमी, म्हणून ती पिवळसर. कच्च्या अंबरची पूड तापवली की तिच्यातल्या लोहखनिजात बांधलेले पाणी निघून जाते आणि हिरवट-मातकट रंग डोळ्यांदेखत तांबूस, ऊबदार होतो. तोच ‘बर्न्ट अंबर’. आज ज्याला आपण ‘वॉर्म’ तपकिरी म्हणतो, त्याची ऊब अशी खरोखरच आगीतून आलेली आहे. शिवाय मँगनीजमुळे जवसाचे तेल लवकर वाळते. तेलरंगाने दारे-खिडक्या रंगवणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दारे आणि भिंतीच्या तळाची स्कर्टिंग पट्टी अनेकदा चॉकलेटी रंगवत. फरशी पुसताना उडणारे पाणी, बुटांचे ठोसे, सगळे तिथे खपून जाई. महाग लाकूड न परवडणाऱ्यांसाठी ‘ग्रेनिंग’ होते. फिकट पिवळसर अस्तरावर तपकिरीचा पातळ हात द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यातून कंगवा ओढून ओकच्या रेषा उमटवायच्या. काही कारागीर यासाठी रंग शिळ्या बिअरमध्ये कालवत. एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या शेगड्या वाढल्या आणि गॅसचे दिवे आले, तशी काजळी वाढली आणि भिंतीचा खालचा भाग, म्हणजे डाडो, गडदच ठेवणे शहाणपणाचे ठरले. फ्रेडरिक वॉल्टनने 1877 मध्ये आणलेले लिंक्रस्टा हे उठावदार भिंत-आवरण तपकिरी रंगवले की कातड्यासारखे दिसे.

विजेच्या दिव्यांनी गॅसच्या दिव्यांची काजळी संपवली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचे उत्पादन सुरू झाले. इतका झाकणारा, शिसे नसलेला पांढरा रंग त्याआधी नव्हता. 1925 मध्ये वास्तुकार ल कॉर्बुझिएने प्रत्येक भिंत पांढरी करण्याचा आग्रह धरला. तपकिरी मागे पडला, तो 1970 च्या दशकात नारिंगी आणि मोहरीसारख्या पिवळ्याच्या जोडीने परतला, आणि पुढे इतका कालबाह्य ठरला की कित्येक घरांत त्यावर सरसकट पांढरा फिरला. त्या काळात दोष रंगाचा कमी आणि सोबतीचा जास्त होता, असे माझे मत आहे.

कारण तपकिरी फार सोबतीवर अवलंबून असतो. प्रकाशाच्या वर्णपटात तपकिरी नावाचा पट्टाच नाही. भोवतालच्या तुलनेत मंद दिसणारा नारिंगी म्हणजेच तपकिरी. काळ्या कागदाची नळी करून चांगला उजेड पडलेल्या तपकिरी भिंतीकडे पाहा: आजूबाजूचे पांढरे छत नजरेआड झाले की भिंत नारिंगीकडे झुकते. म्हणूनच छतासकट सगळी खोली गडद रंगवली आणि पिवळसर दिवे लावले, तर ती अंधारी वाटण्याऐवजी उजळ तांबूस भासू शकते. एकच भिंत रंगवून बाकीच्या शुभ्र ठेवल्या, तर तोच रंग जड आणि काळपट दिसतो. मी सगळी खोली रंगवण्याच्या बाजूचा आहे.

आज या छटा बहुतेक कृत्रिम लोह-ऑक्साइडच्या टिंटरमधून, म्हणजे बेसमध्ये मिसळायच्या दाट रंगातून, येतात. दुकानात असा रंग मिसळताना नेहमीचा पांढरा बेस चालत नाही. ‘डीप बेस’ लागतो, ज्यात टायटॅनियम जवळजवळ नसतेच. ज्या पांढऱ्याने तपकिरीला घराबाहेर काढले, तो डब्यातून काढल्याशिवाय हा रंग गडद होत नाही. त्यामुळे त्याची झाकण्याची ताकद घटते, खाली करडा प्रायमर द्यावा लागतो, आणि दोन हातांत भागेल असे वाटलेले काम बरेचदा तिसऱ्या हाताला पुरे होते.