टोमॅटोवरून घसरणारी सुरी

सुरी बोथट झालीय हे आमच्या घरात सगळ्यात आधी टोमॅटोला कळतं. साल दबते, पातं घसरतं आणि मग एकदम आत घुसून बिया ओट्यावर उडतात. आई मग सुरी बाजूला सारून विळी ओढते. "तुमच्या सुऱ्या तुम्हालाच लखलाभ!"

धार म्हणजे खरं तर कडेची रुंदी. कड जितकी बारीक, तितका हाताचा जोर कमी जागेत एकवटतो. चांगली धार एका मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस याच्या पन्नास-शंभर पट जाड. कड दहापट रुंद झाली की तेवढ्याच जोराला दाब दहावा हिस्साच उरतो. मग आपण जोर वाढवतो, आणि बोट कापतं ते तेव्हा. कांद्याच्या पेशीही कापल्या जाण्याऐवजी चेंगरतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायू त्यांतूनच निघतो.

सुरी ट्यूबलाइटखाली कड वर करून धरा. धारदार कड चमकत नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपके लकाकतात, तिथे धार गेली. माझ्या सुरीवर असा ठिपका मधोमध होता, नेमका जिथे मी गाजरं तोडतो तिथे. ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरायची सवय असेल तर ठिपके लवकर दिसतील. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते आणि ती सुरीच्या पोलादापेक्षा कठीण.

पण दरवेळी कड झिजलेलीच असते असं नाही. बरेचदा ती नुसती एका बाजूला वाकलेली असते. चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाशी जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावरून पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढा. तेवढ्याने भागलं तर खरेदीची गरजच नाही.

नाहीच भागलं तर पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चक्कर मारा. तिथे बहुतेकदा दोन खाचांचा शार्पनर पुढे केला जातो. दगडावर धार लावताना खरी अडचण कोनाची. प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश हवेत, म्हणजे पातं 3 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 1 सेंटिमीटर वर, आणि ती शेवटपर्यंत तेवढीच. नवख्या हाताला हे जमत नाही. शार्पनरमध्ये हा कोन खाचेतच ठरलेला असतो. सोपेपणा आहे तो एवढाच.

दोन खाचा सारख्या मात्र नसतात. एकीत टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असतात. त्या पोलाद घासत नाहीत, खरवडतात; पाहिलंत तर खाली धातूचा बारीक कीस पडलेला दिसेल. धार झटकन येते, पण कड ओबडधोबड राहते आणि पातं झिजतं. दुसरीत सिरॅमिकच्या कांड्या असतात, त्या हलकेच घासतात. रोजच्या साध्या स्टीलच्या सुरीला माझ्या मते हा शार्पनर पुरेसा आहे. पहिली खाच वर्षातून एक-दोनदा, दुसरी आठवड्याला, तीही न दाबता. महागडी जपानी सुरी मात्र यात घालू नका. तिचं पोलाद कठीण पण ठिसूळ असतं आणि कोनही कमी, कडेचे टवके उडतात. दातेरी ब्रेडच्या सुरीलाही हे नको.

सायकल स्टँडवर लावून पायडलने चाक फिरवत धार लावणारे अजून अधूनमधून गल्लीत येतात. ठिणग्या बघायला मजा येते, पण कडेवर निळसर झाक आली तर समजायचं की पोलाद फार तापलं. जुन्या भाषेत पात्याचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. अशी धार टिकत नाही. मध्येमध्ये पाणी शिंपडणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

धार लावून झाली की पातं ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तो कीस थेट कोशिंबिरीत.

विळीचं बाकदार पातं मात्र शार्पनरच्या खाचेत बसत नाही. तिथे कुरुंदाचा दगडच हातात घेऊन पात्यावरून फिरवावा लागतो. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द याच दगडाच्या दक्षिणेतल्या नावावरून गेलेला. ते काम अजून आईच करते, मला हात लावू देत नाही.