मुलांचा कर्करोग, रक्तविकार आणि लोकवर्गणी: पार्श्वभूमी

आजारी मुलाचा फोटो, त्याखाली उपचारांच्या खर्चाचा अंदाज आणि पैसे पाठवण्यासाठी खाते क्रमांक, असा संदेश मोबाइलवर कधीच आला नाही असे मराठी घर आज क्वचितच सापडेल. या आवाहनांना लोक मनापासून प्रतिसाद देतात आणि त्यातून अनेक मुलांचे उपचार झालेही आहेत. मात्र मुलांच्या कर्करोगासाठी आणि रक्तविकारांसाठी समाजाने पैसे उभे करण्याची ही एकच रीत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत परिणामकारकही नाही. एका मुलासाठी केलेले आवाहन आणि येईल त्या प्रत्येक मुलासाठी आधीच जमवून ठेवलेला सामायिक निधी हे दोन प्रवाह गेली पाऊणशे वर्षे शेजारी शेजारी वाहत आले आहेत. त्यांतला दुसरा प्रवाह कसा तयार झाला, हे समजून घेतल्याशिवाय मुंबईतील परळच्या रुग्णालयांभोवती आज जे काम चालते त्याचा अर्थ लागत नाही.

परळची सुरुवात लोकवर्गणीतून झाली नाही, एका कुटुंबाच्या दुःखातून झाली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी या रोगावर इंग्लंड-अमेरिकेतही काही उपाय नव्हता. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावे न्यास स्थापन केला आणि ल्युकेमियावरील, म्हणजे याच रक्ताच्या कर्करोगावरील, संशोधनाला साहाय्य करणे हे त्याचे मुख्य काम ठरवले. त्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या दुसऱ्या न्यासाने परळमध्ये उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. इमारत, यंत्रे आणि डॉक्टरांचे वेतन यांचा भार अशा रीतीने आधी न्यासाने आणि नंतर सरकारने उचलला; रुग्णाच्या कुटुंबाचा भार मात्र कुणाच्याही हिशेबात नव्हता.

लहान मुलांच्या कर्करोगासाठी सर्वसामान्य लोकांकडून पैसे जमवण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतील बोस्टनमध्ये आकाराला आली, आणि तिच्या मुळाशी एका भारतीयाचे काम आहे. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे, पेशींच्या वाढीला लागणाऱ्या फॉलिक आम्लाला रोखणारे औषध बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १६ मुलांचा उल्लेख होता आणि त्यांपैकी १० जणांची प्रकृती काही काळ सुधारली होती. ती सुधारणा टिकली नाही, तरी हा रोग औषधाने मागे हटतो हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

संशोधन पुढे न्यायला पैसा हवा होता. २२ मे १९४८ रोजी फार्बर यांच्या एका १२ वर्षांच्या रुग्णाशी रेडिओवरून, त्याच्या रुग्णालयातील खाटेशेजारून, देशभर ऐकू जाईल असा संवाद प्रसारित झाला. बोस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याला भेटायला आले होते, आणि त्यांचे सामने पाहण्यासाठी त्याला दूरचित्रवाणी संच हवा होता. श्रोत्यांनी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्यातून जो निधी उभा राहिला तो आजही ‘जिमी फंड’ म्हणून ओळखला जातो. या घटनेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब रकमेची नाही. मुलाचे खरे नाव जिमी नव्हते. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून ते नाव योजले होते, आणि ती गुप्तता पुढे जवळजवळ ५० वर्षे राहिली. शिवाय जमलेला पैसा त्या एका मुलाच्या खात्यावर गेला नाही, तर त्याच्यासारख्या सर्व मुलांसाठी वापरला गेला. आवाहन एका मुलाच्या आवाजात झाले आणि निधी सर्वांचा राहिला.

अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण मेम्फिसचे. लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या घरात जन्मलेले विनोदी अभिनेते डॅनी थॉमस यांनी १९५७ मध्ये अरब वंशाच्या अमेरिकनांना एकत्र आणून निधी जमवणारी संस्था स्थापन केली, आणि १९६२ मध्ये सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालय सुरू झाले. तेथे मुलाच्या कुटुंबाला उपचारांचे बिल दिले जात नाही. बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून तेव्हा शंभरात चारच मुले वाचत. १९७० च्या सुमारास तेथील डॉक्टर निम्मी मुले बरी होऊ शकतात असे म्हणू लागले. एका स्थलांतरित समाजाने आपल्याला सामावून घेणाऱ्या देशाचे ऋण फेडण्यासाठी उचललेले हे काम होते.

भारतात हे यश त्याच वेगाने आले नाही. १९८० च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील प्रमुख केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने भारतीय परिस्थितीला झेपेल अशी औषधयोजना आखली आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून बचावणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास गेले. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण (हाडांतील रक्त तयार करणाऱ्या मगजाचे प्रत्यारोपण) केले, तेही एका लहान मुलीवर. औषध आले, पद्धत आली, कुशल हात आले; तरीही अनेक मुले उपचार अर्धवट टाकून निघून जात आणि त्यांचे पुढे काय झाले हे रुग्णालयाला कळतही नसे.

याचे कारण परळच्या पदपथावर दिसत होते. या ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतले पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहावेच लागते. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, मराठवाडा किंवा विदर्भातून आलेल्या मजुराला किंवा छोट्या शेतकऱ्याला मुंबईत खोली परवडत नाही. केमोथेरपीमुळे मुलाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना पदपथावरची धूळ, उघड्यावरचे अन्न आणि सार्वजनिक शौचालय यांतून होणारा जंतुसंसर्ग कर्करोगाच्या आधीच त्याचा जीव घेऊ शकतो. वडिलांची मजुरी बुडालेली असते, गावाकडे दुसरी मुले आजीपाशी ठेवलेली असतात आणि जमीन किंवा दागिने बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेलेले असतात. ताप उतरला, मूल खेळू लागले की ‘आता बरे झाले’ असे समजून किंवा तशी स्वतःची समजूत घालून कुटुंब गाडी पकडते. त्या पालकांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवलेलाच नव्हता.

येथे महाराष्ट्राची स्वतःची परंपरा कामी आली. गाडगेबाबांनी कीर्तने करून, लोकांकडून वर्गणी गोळा करून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांची होणारी आबाळ पाहून त्यांचे लक्ष यात्रेकरूंइतकेच रुग्णांकडेही वळले. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना अत्यल्प दरात निवारा आणि जेवण देत आली आहे. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन हेच काम करते. त्याआधी १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली होती, आणि १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली. या संस्था सर्व वयांच्या रुग्णांसाठी होत्या. केवळ मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केली. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र स्वच्छ खोली, स्वयंपाकाची सोय, शिधा, रुग्णालयात जाण्यासाठी वाहन आणि मुलांना शिक्षण, हे सारे तेथे विनामूल्य मिळते.

रुग्णालयाच्या आतही विचार बदलला. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने २०१० च्या सुमारास ‘इम्पॅक्ट’ या नावाने देणगीदार, स्वयंसेवी संस्था आणि सामाजिक कार्यकर्ते यांना एका छत्राखाली आणले. मूल दाखल होताच कुटुंबाची आर्थिक स्थिती, राहण्याची जागा, परतीचा प्रवास आणि भावंडांची व्यवस्था यांची चौकशी होऊ लागली, आणि औषधांपासून निवाऱ्यापर्यंतचा खर्च सामायिक निधीतून भागवला जाऊ लागला. कुणी ठरलेल्या तारखेला आले नाही तर फोन करून, गरज पडल्यास गावाजवळच्या संस्थेमार्फत विचारपूस सुरू झाली. २००९ मध्ये सुमारे पाचव्या हिश्श्याची मुले उपचार सोडून जात; काही वर्षांतच हे प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आले. यासाठी नवे औषध लागले नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच आहे.

रक्तविकारांच्या बाबतीत लोकवर्गणीचे रूप वेगळे आहे, कारण तेथे वर्गणी रक्ताची असते. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक विकार, झालेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह शरीराबाहेर काढण्यासाठी कायम औषधे घ्यावी लागतात. सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत या दोषाचे वाहक अधिक असल्याने उल्हासनगर आणि मुंबईत या समाजांनीच तपासणी आणि रक्तदानाचे काम लवकर अंगावर घेतले. गणेशोत्सव मंडळांची रक्तदान शिबिरे हा या मुलांसाठी मोठा आधार आहे, मात्र एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयांना सुटी लागली आणि लोक गावी गेले की रक्तपेढ्यांतील साठा घटतो आणि पालकांची धावपळ सुरू होते. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलग्रस्त (ज्यांच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात अशा) मुलांच्या वाट्याला शहरी देणगीदारांचे लक्ष फारच कमी आले, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश झाला, आणि २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले.

ऑनलाइन निधीसंकलन याच काळात आले. मिलाप २०१० मध्ये आणि केटो २०१२ मध्ये सुरू झाले. ज्यांना कोणतीही योजना लागू होत नाही अशा कुटुंबांना त्यांनी खरा आधार दिला आहे. पण ज्याचे नातेवाईक शिकलेले आहेत, ज्याचा फोटो लोकांच्या मनाला भिडतो, त्याला पैसे लवकर मिळतात, आणि इगतपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेल्या, मराठीही अडखळत बोलणाऱ्या आईचे मूल मागे राहते. शिवाय बरे झालेल्या मुलाचा केस गळालेला फोटो पुढे अनेक वर्षे सर्वांना पाहण्यासाठी उपलब्ध राहतो. बोस्टनने १९४८ मध्ये पाळलेला संकोच येथे पाळला जात नाही, आणि तो पाळला जावा असे मला ठामपणे वाटते.

राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना केमोथेरपी आणि शस्त्रक्रियांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत रुग्णालयाला देते. ही मर्यादा पूर्वी दीड लाख होती आणि नंतर ती पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली. मात्र महिनोन्‌महिने बुडणारी मजुरी, मुंबईतील खोली आणि गावाकडच्या भावंडांचे पोट या योजनेच्या कक्षेत येत नाही. तो भाग आजही धर्मशाळा, सामायिक निधी आणि त्यांना नियमित देणगी देणारी माणसेच उचलत आहेत.