उलटा घोडा आणि उजेडाची मोजपट्टी

फ्रान्समधल्या लास्को गुहेत एका अरुंद बोळाच्या टोकाशी हजारो वर्षांपूर्वी रंगवलेला एक घोडा आहे. पाठ खाली, चारी पाय वर, जणू कड्यावरून कोसळतोय. पुढे आलेल्या खडकाला वळसा घालून तो रंगवलाय. त्यामुळे कुठेही उभं राहिलं तरी अख्खा घोडा एका नजरेत मावत नाही. ज्यानं तो काढला त्यालाही काढताना तो पुरता दिसला नसणार. तरी अंगाची प्रमाणं बिघडलेली नाहीत!

फोटो काढावा तर एक बाजू आली की दुसरी जाते. स्वतः जाऊन वळसा घालावा, तर गुहा १९६३ पासून बंद आहे.

ती बंद पडली आपल्या श्वासामुळे. १९४० साली चार पोरांना ती सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि काही वर्षांतच रोज बाराशेच्या आसपास माणसं आत जाऊ लागली. श्वासातली वाफ थंड भिंतीवर थेंब होऊन बसते. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि ते चुनखडी खातं. विरघळलेला चुना दुसरीकडे पांढरा थर होऊन जमतो. भरीला विजेच्या दिव्यांच्या उजेडावर वाढणारं हिरवं शेवाळ. हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांच्या पर्यटनानं टेकीला आली.

गुहा न उघडता ती दाखवायची, म्हणून मग मोजणी. लेझर स्कॅनर भिंतीवर किरण सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे मिलिमीटरचा फरक पकडायला घड्याळ किती बारीक हवं बघा. असे कोट्यवधी बिंदू गोळा झाले की भिंतीचा आकार संगणकात उभा राहतो. रंग येतात फोटोंमधून. एकाच जागेचे, एकमेकांवर थोडे चढलेले शेकडो फोटो घ्यायचे. तोच ठिपका दोन-तीन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला की त्याची जागा भूमितीनं ठरते, आपले दोन डोळे खोली ओळखतात तशी. शेवटी मोजलेल्या आकारावर हे फोटो अंगाला चिकटलेल्या ओल्या कपड्यासारखे बसवायचे. आता घोड्याभोवती फिरता येतं, किंवा खडक उलगडून तो सपाट पसरताही येतो.

मोबाइलवर हे सगळं एकदम येत नाही. ऑनलाइन नकाशासारखंच, जिथे बघाल तेवढाच तुकडा बारीक उतरतो, बाकीचं ढोबळ राहतं. फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयानं लास्कोची अशी फेरी ऑनलाइन फुकट ठेवली आहे.

नकलेचं महत्त्व आपल्याला नवं नाही. अजिंठ्याची चित्रं रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं कॅनव्हासवर उतरवली. त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून कामाला लागले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. कपाळ म्हणतात ते हेच. शिवाय नकलेसाठी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींना व्हार्निश फासलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं. स्कॅनर भिंतीला बोटही लावत नाही, आणि त्याची नक्कल एकाच वेळी दहा ठिकाणी ठेवता येते. फक्त वीस वर्षांनी ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर हवं. त्या बाबतीत कॅनव्हास बरा.

माझी तक्रार मात्र उजेडाबद्दल आहे. लास्कोत चरबी जाळायचे दगडी दिवे सापडलेत. ही चित्रं तसल्या हलत्या, पिवळसर उजेडात काढली आणि पाहिली गेली. ज्योत हलली की खडकाचे फुगवटे हलत असणार आणि त्यांच्यासोबत जनावरांची पोटंही. पडद्यावर सगळं दुकानातल्यासारखं लख्ख दिसतं. खरं तर आकार मोजलेलाच आहे, तेव्हा संगणकातली ज्योत कुठेही ठेवली तरी सावल्या बरोबर पडतील. अशा प्रत्येक फेरीत ट्यूबलाइट मालवायचं एक बटण असायला काय हरकत आहे?