वेल्डर ट्रेडचा प्रवेश ते ३जी-६जी टेस्ट: पात्रता, कागदपत्रे आणि तयारी

आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी आणि कंपनीच्या गेटवर मागतात ते वेल्डर क्वालिफिकेशन हे दोन वेगळे कागद आहेत. एनटीसी एकदा मिळाले की कायमचे. क्वालिफिकेशन मात्र ठरावीक प्रोसेस (वेल्डिंगची पद्धत), पोझिशन (जोड कोणत्या स्थितीत ठेवून वेल्ड केला) आणि जाडीपुरतेच असते आणि काम थांबले की संपते. हा फरक न कळल्यामुळे एनटीसी हातात आल्यावर तयारी संपली असे पुष्कळांना वाटते. क्वालिफिकेशनसाठीच्या टेस्टची (३जी, ६जी ही तिच्यातल्या पोझिशनची नावे) तयारी खरे तर शिकत असतानाच करायची असते, कारण तेव्हा प्लेट, रॉड आणि मशीन संस्थेचे असते.

प्रवेश

वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार किमान शिक्षण आठवी उत्तीर्ण आणि किमान वय १४ वर्षे. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून केंद्रीय पद्धतीने प्रवेश होतात आणि दहावी नापास विद्यार्थ्यांनाही हा ट्रेड घेता येतो.

कागदपत्रे: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र. आरक्षणाचा दावा असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर. सगळ्यांच्या मूळ प्रती आणि छायाप्रतींचे दोन संच ठेवा.

पोर्टलवर अर्ज भरून शुल्क भरले म्हणजे अर्ज झाला असे नाही. कागदपत्रे तपासून अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो आणि त्यानंतर संस्था व ट्रेडचे विकल्प भरायचे असतात. विकल्प न भरल्यामुळे गुणवत्ता यादीत नाव असूनही जागा मिळत नाही, असे दरवर्षी घडते. पहिल्या क्रमांकाचा विकल्प विचार करूनच टाका. तोच मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांना मुकावे लागते.

नावाकडे नीट बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, अशी तफावत प्रवेशाच्या वेळीच दुरुस्त करा. हेच नाव पुढे एनटीसीवर छापले जाते आणि तिथली दुरुस्ती फार वेळखाऊ असते.

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकात ६० टक्के आणि इतर विषयांत ३३ टक्के मिळाले की पास. लेखी भाग संगणकावर होतो.

टेस्ट कोण घेतो, कशाची घेतो

फॅब्रिकेशन आणि पाइपिंगच्या कामाला बहुतेक ठिकाणी एएसएमई सेक्शन ९ हे अमेरिकन मानक वापरतात. स्ट्रक्चरल कामात आयएस ७३१० भाग १ हे भारतीय मानकही मागतात. बॉयलर आणि स्टीम पाइपसाठीची परीक्षा भारतीय बॉयलर विनियमांखाली वेगळी असते आणि ती राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत होते. आधीच्या दोन कागदांवर ते काम करता येत नाही.

सेक्शन ९ प्रमाणे वेल्डरला क्वालिफाय करण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची असते. टेस्ट तिच्या देखरेखीखाली, तिच्या वेल्डिंग प्रोसिजर स्पेसिफिकेशनवर म्हणजे डब्ल्यूपीएसवर (जोड कसा करायचा ते लिहिलेल्या कागदावर) होते. म्हणून पैसे घेऊन ‘६जी सर्टिफिकेट’ देणारे खासगी वर्ग सराव करून देऊ शकतात, पण तो कागद दाखवून दुसऱ्या कंपनीत टेस्ट टळत नाही. त्यावर खर्च करण्याआधी हे लक्षात घ्या.

टेस्टच्या दिवशी ओळखपत्र, दोन फोटो, एनटीसीची प्रत आणि आधीच्या टेस्टचे कागद असतील तर ते न्या. पोचल्यावर आधी डब्ल्यूपीएस मागून वाचा: प्रोसेस, रॉडचा प्रकार, बेव्हल (प्लेटच्या कडेचा उतार), गॅप (दोन प्लेटमधली फट), करंटची मर्यादा, उभ्या पोझिशनला वर चढायचे की खाली उतरायचे. वर चढण्याच्या टेस्टमध्ये वरून खाली ओढले तर जोड कितीही देखणा असला तरी कुपन (टेस्टसाठी जोडलेला तुकडा) बाद.

कोणती पोझिशन घ्यावी? प्लेटवर १जी दिली तर फक्त सपाट काम मिळते, ३जी दिली तर सपाट आणि उभे, ४जी दिली तर सपाट आणि ओव्हरहेड. ६जी म्हणजे ४५ अंशांत घट्ट बांधलेला पाइप. ती पास झाली की ग्रूव्हच्या (कडांमधल्या खाचेत भरलेल्या जोडाच्या) सगळ्या पोझिशन मिळतात. जाडीचाही हिशेब आहे. १० मिमी प्लेटवर टेस्ट दिली तर २० मिमी जाडीपर्यंतचे वेल्ड करता येते. १३ मिमी किंवा जास्त जाडी किमान तीन थरांत भरली तर वरची मर्यादा राहत नाही.

३जीची तयारी

आयटीआयत बराचसा सराव ई६०१३ रॉडवर होतो, टेस्टला मात्र बहुधा ई७०१८ येतो. तो डीसीवर, होल्डर पॉझिटिव्ह ठेवून चालवतात. आर्क लांबली की लगेच पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक पोकळ्या) येते. ओलसर रॉडनेही तेच होते, म्हणून उघड्या पाकिटातले रॉड उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला भाजून गरम ओव्हनमधूनच काढायचे. टेस्टच्या आधी निदान दोन आठवडे याच रॉडवर हात बसवा.

फिटअपमध्ये म्हणजे प्लेट जुळवून बांधण्यात अर्धी टेस्ट ठरते. दोन्ही बाजूंना ३० ते ३५ अंशांचा बेव्हल, रूट फेस (कडेचा तळाशी न तासलेला भाग) १.५ ते २ मिमी, गॅप २.५ ते ३ मिमी. टॅक (प्लेट धरून ठेवणारे छोटे वेल्ड) आकसताना गॅप बंद करतात, त्यामुळे ज्या टोकाला वेल्ड संपणार तिकडे अर्धा-एक मिमी जास्त ठेवा. टॅकची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करा, नाहीतर रूट (तळाचा पहिला थर) तिथे आरपार जात नाही. एकदा कुपन बांधले की रूट घालायला सोयीचे म्हणून ते आडवे करायचे नाही.

रूटला २.५ मिमी रॉड, ७० ते ९० अँपिअर. समोर किल्लीच्या भोकासारखे छिद्र उघडे राहिले पाहिजे: ते बुजले तर पेनिट्रेशन (वेल्ड आरपार जाणे) गेले, मोठे झाले तर मागे लोंबकळ. फिलिंगला (वरचे थर भरायला) ३.१५ मिमी रॉड, १०५ ते १२० अँपिअर. हात मधून झटकन न्यायचा आणि कडांवर क्षणभर थांबायचा. उलटे केले की मध्ये फुगवटा येतो, कडेला खोल खाच पडते आणि त्या खाचेतला स्लॅग (रॉडच्या लेपाचा गोठलेला मळ) पुढच्या पासखाली म्हणजे थराखाली गाडला जातो. बेंडमध्ये म्हणजे पट्टी वाकवून बघण्याच्या चाचणीत कुपन फाटते ते बहुतेक वेळा इथेच. प्रत्येक पासनंतर ब्रश आणि प्रत्येक थांब्याला ग्राइंडर, यात घाई नको.

१० मिमीच्या प्लेटमधून दोन पट्ट्या कापतात, एक फेस बेंड (वेल्डची वरची बाजू बाहेर) आणि एक रूट बेंड (तळाची बाजू बाहेर). वाकवल्यावर बाहेरच्या बाजूला ३ मिमीपेक्षा मोठी उघडी भेग दिसली की नापास. पट्टीच्या कडेवरची भेग सहसा धरत नाहीत, पण ती स्लॅगमुळे किंवा फ्यूजन न झाल्यामुळे (धातू नीट न वितळता जुळल्यामुळे) आली असेल तर धरतात. बेंडऐवजी रेडिओग्राफीही (एक्स-रेसारखी तपासणी) घेतात. प्लेटला किमान १५० मिमी लांबी तपासतात.

नापास झाल्यावर लगेच पुन्हा टेस्ट मागता येते, पण मग त्या पोझिशनची सलग दोन कुपन द्यावी लागतात आणि दोन्ही पास व्हावी लागतात. हात बिघडलेला असेल तर त्याच दिवशी हट्ट करू नका. पुढचे प्रशिक्षण घेऊन आलात तर पुन्हा एकच कुपन द्यावे लागते.

पास झाल्यावर क्वालिफिकेशन रेकॉर्डची प्रत मागून घ्या आणि त्यावर प्रोसेस, पोझिशन व जाडी बरोबर लिहिली आहे का ते वाचा. सहा महिने त्या प्रोसेसने काम केले नाही तर क्वालिफिकेशन संपते, म्हणून कंपनीच्या कंटिन्युइटी नोंदीत (कोणी कोणत्या प्रोसेसने काम चालू ठेवले याच्या नोंदीत) आपले नाव वेळच्या वेळी लागते की नाही यावर लक्ष ठेवा.