अणुपाणबुडी 'अमर' नसते

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारं एक वाक्य आहे: अणुपाणबुडीला इंधनच लागत नाही, त्यामुळे ती वाटेल तितकी वर्षं चालते. यातलं अर्धंच खरं आहे.

अमेरिकेच्या ओहायो वर्गातल्या पाणबुड्या घ्या. पहिली १९८१ मध्ये नौदलात आली. अणुभट्टीतलं इंधन साधारण वीस वर्षं पुरतं. मग पाणबुडी दोनेक वर्षं गोदीत राहते, इंधन बदलतात, दुरुस्ती होते आणि पुन्हा वीस वर्षं. ३० वर्षांसाठी आखलेलं आयुष्य असं ४२ वर्षांवर नेलं.

मग आणखी एकदा इंधन भरून पुढे का नाही? कारण दमतं ते पोलाद. दर दहा मीटर खोलीला हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. २४० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास २५ किलोचा भार! पाणबुडीचं आवरण तिथे किंचित आकसतं, वर आली की पूर्ववत होतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कशी तुटते, तसाच हा प्रकार. म्हणून आयुष्य ठरवताना किती वेळा बुडी मारली, हेही मोजतात. त्यात पाइप, व्हॉल्व्ह, केबलही जुन्या होतातच.

ओहायोची जागा घेणाऱ्या कोलंबिया वर्गात एकदा भरलेलं इंधन जन्मभर पुरेल, अशी रचना आहे. तरी तिचंही आयुष्य धरलंय ४२ वर्षंच.