सर्व्हर नव्याने सांभाळताय? पहिली विंडो बंद करू नका
(आमच्याकडे लिनक्स सर्व्हर असलेल्या ग्राहकांसाठी)

"ऑफिसातल्या मुलाला सर्व्हरचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" हा फोन आम्हाला सारखा येतो. दुसरा फोन येतो तो बहुधा शनिवारी संध्याकाळी: "सर्व्हरमध्ये लॉगिनच होत नाहीये." बऱ्याचदा दोन्ही फोन एकाच ऑफिसातले असतात, म्हणून दोन्हींची उत्तरं एकाच कागदावर देतोय.

लॉगिन का बंद पडतं

कुठेतरी वाचलेलं असतं की पासवर्डने होणारं लॉगिन बंद करावं, एसएसएचचा (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे कनेक्शन येण्याचं दार, बदलावा, फायरवॉल (कोणतं दार उघडं ठेवायचं ते बघणारा पहारेकरी) चालू करावी. सल्ले वाईट नाहीत. गडबड होते ती नंतर. सेटिंग बदललं, एसएसएच रिस्टार्ट केलं आणि "बघू चालतंय का" म्हणून उघडी असलेली विंडो बंद करून पुन्हा लॉगिन करायला गेले. तोवर नवा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलेला नसतो, किंवा पब्लिक की (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्यांच्या जोडीतली, सर्व्हरवर ठेवायची) नीट चढलेली नसते. झालं, घराची चावी आत आणि आपण बाहेर.

एसएसएच रिस्टार्ट केलं तरी आधीचं सेशन तुटत नाही. प्रत्येक कनेक्शनची प्रोसेस वेगळी असते. रिस्टार्ट होते ती फक्त नवीन कनेक्शन घेणारी. म्हणून पहिली विंडो तशीच ठेवा, दुसरी उघडा आणि तिथून लॉगिन करून पाहा. झालं तरच पहिली बंद करा. नाही झालं तर पहिलीतूनच सेटिंगची जुनी फाईल परत ठेवा. (जुन्या फाईलची कॉपी काढून ठेवलेली असेल, असं आम्ही धरून चालतो.) रिस्टार्टच्या आधी 'एसएसएचडी' ही कमांड 'टी' पर्याय लावून (sshd -t) रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालवा. फाईलमध्ये लिहिताना चूक झाली असेल तर ती ओळ नंबरासकट दाखवते, सगळं ठीक असेल तर काहीच बोलत नाही. फायरवॉलची चूक मात्र ती पकडत नाही. उबुंटू या लिनक्समधली यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करताना "चालू एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जाऊ?" असं विचारते. तिथे सवयीने 'वाय' दाबू नका. एसएसएचला परवानगी आधी द्या.

आणखी एक प्रकार. वेबसाइटवर फोटो अपलोड होईना म्हणून कोणीतरी सरसकट ७७७ परवानगी (कोणालाही वाचता, लिहिता, चालवता येईल अशी) देतं आणि त्यात लॉगिन करणाऱ्याचं होम फोल्डरही येतं. होम फोल्डरमध्ये कोणालाही लिहिता येतंय हे दिसलं की एसएसएच तुमची की मुद्दाम नाकारतं. तुम्हाला फक्त 'परमिशन डिनाइड' दिसतं, खरं कारण सर्व्हरवरच्या लॉगमध्ये असतं. होममधल्या एसएसएचच्या फोल्डरला ७०० (फक्त मालकाला सगळं) आणि आतल्या की-फाईलला ६०० (फक्त मालकाला वाचणं-लिहिणं) परवानगी हवी, हे लिहूनच ठेवा.

आम्ही परत फोन का करतो

अडकलेल्या सर्व्हरचा कन्सोल (एसएसएचशिवाय आत जायची वाट) उघडण्याआधी आम्ही करारावर नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करतो. काहींना त्याचा राग येतो. पण "अर्जंट आहे, लगेच उघडा" असं कोणीही म्हणू शकतं आणि आत तुमच्याच ग्राहकांची बिलं असतात. वर्षातली पहिली वेळ मोफत, पुढे तासाप्रमाणे आकार. पैशांपेक्षा त्रास असा, की अशा दुरुस्तीत कधी सर्व्हर रीबूट करावा लागतो आणि तेवढा वेळ तुमचं बिलिंग थांबतं.

शिकायचं कुठून

मराठीतून हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे आहेत, मोफत. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो), असं करत बघा. नुसतं बघून हाताला वळण लागत नाही. त्यानंतर सर्व्हरवरच असलेली मॅन पानं (लिनक्सची माहितीपुस्तिका) वाचायची सवय लावा: विभाग ५ मध्ये कॉन्फिग फाईल्स, ८ मध्ये अ‍ॅडमिनच्या कमांड्स. आर्च या दुसऱ्या एका लिनक्सची विकी उबुंटूवाल्यांनाही उपयोगी आहे, फक्त पॅकेजची नावं आणि फाईल्सच्या जागा वेगळ्या असू शकतात.

इंटरनेटवर मिळालेला उपाय कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते आधी बघा. सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचना अजून फिरतायत. चॅटबॉटने दिलेल्या कमांडलाही हाच नियम. आपली आवृत्ती 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'ओएस-रिलीज' फाईलमध्ये दिसते.

सर्टिफिकेट लागतं का? नोकरी शोधणाऱ्याला आरएचसीएसए या रेड हॅट कंपनीच्या सर्टिफिकेटचा फायदा होतो, कारण ती परीक्षा चालू मशीनवर प्रत्यक्ष काम करून द्यावी लागते. ऑफिसचा एक सर्व्हर सांभाळायला त्याची गरज नाही.

सराव कशावर

चालू सर्व्हरवर नको, एवढंच. ऑफिसच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स (पीसीच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. डेस्कटॉप नसलेल्या उबुंटू सर्व्हरला २ जीबी रॅम सरावापुरती पुरते. ते मशीन बंद करून स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घ्या आणि मग खुशाल मोडा. बॅकअपही तिथेच रिस्टोअर करून बघा. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर आम्ही विसंबत नाही.

पीसी जुना असेल तर वार्षिक देखभाल करार असलेल्यांना सरावासाठी छोटं मशीन आम्ही देतो, वेगळा आकार नाही. ते दर सोमवारी पहाटे पुसून कोरं होतं, तेव्हा कामाचं काही त्यावर ठेवू नका. शिकणाऱ्याचं नाव आणि त्याची पब्लिक की करारातल्या ईमेलवरून पाठवा. प्रायव्हेट की (जोडीतली आपल्याकडेच ठेवायची) पाठवू नका, मागितली तरी. आम्ही ती कधीच मागत नाही.